डुंड्याचं दुसरं शिंग

माझ्या धंद्याचं नाव सांगितलं की समोरचा माणूस आधी "वा!" म्हणतो आणि लगेच विषय बदलतो. डॉक्टर, वकील, मास्तर, तलाठी, सगळ्यांच्या कामावर लोकांना तासभर बोलता येतं. "आकारांचं गणित करते, खराब फोटोतल्या वस्तू ओळखते," म्हटलं की संपलं. माझी आई शेवटपर्यंत पवनीच्या शेजारणींना सांगायची, "आमची सुनंदा फोटो साफ करते." एकदा एक बाई खरंच सासऱ्यांचा वाळवी लागलेला फोटो घेऊन दारात उभी राहिली. आता तिला काय गणित समजावणार? दिला साफ करून.

तर धंदा काय ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे बैल आले की गोंधळ नको. धुक्यात, धुळीत, हलत्या हाताने काढलेला फोटो घ्या. त्यात ठिपक्यांचा नुसता कालवा असतो. आम्ही त्याला गोंगाटच म्हणतो. त्या गोंगाटात एक वस्तू दडलेली असते, ती शोधायची. त्यासाठी आधी तशाच वस्तूचे पुष्कळ स्वच्छ फोटो गोळा करायचे आणि प्रत्येकाच्या कडेने ठरलेल्या जागी खुणा मांडायच्या. बैल असेल तर नाकपुडी, कपाळ, शिंगाचं टोक, वशिंड, शेपटीचं मूळ. मग सगळे बैल एकमेकांवर बसवायचे. लहान असेल तो मोठा करायचा, तिरपा असेल तो सरळ करायचा. त्यातून एक सरासरी बैल निघतो, आणि खरा बैल त्या सरासरीपासून किती आणि कसा वेगळा असू शकतो तेही कळतं. मान खाली घालेल, पाय लांब टाकेल, पण शेपटी काही कपाळावर यायची नाही. एवढी सूट ठरली की तो सरासरी बैल गोंगाटाच्या फोटोत सोडून द्यायचा. जिथे खरी कड दिसते तिथे तो तिला चिकटतो. जिथे काहीच दिसत नाही तिथे आपल्या समजुतीने रेघ पुरी करतो.

सगळी गोम या समजुतीत आहे. ती फार झाली तर नसलेलं दिसायला लागतं, आणि कमी पडली तर समोरचं दिसत नाही. माझी अख्खी नोकरी या दोन्हींच्या मधला रस्ता शोधण्यात गेली.

सुरुवात हैदराबादेत झाली. तिथे एका कंपनीत मी मणक्यांचे एक्स-रे बघायची. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर काही वर्षांनी मी भंडाऱ्याला परतले, तेव्हा लोक अजून गोंदियाकडच्या पाहुण्यांच्या पत्त्यावरही सवयीने 'जि. भंडारा' लिहीत होते. इथे इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवलं आणि जोडीला राईस मिलवाल्यांसाठी तांदळाचं काम केलं. पट्ट्यावरून तांदूळ धावतो, वर कॅमेरा. अख्खा दाणा कोणता, तुकडा कोणता, खडा कोणता, हे आकारावरून ओळखायचं. कोंड्याची धूळ इतकी की कॅमेऱ्यालाच शिंका याव्यात. एक शेठ मला दर आठवड्याला फोन करायचे.

"मॅडमजी, मशीन लय कडक आहे तुमची. तुकडा दिसला का फेकते. जरा चष्मा काढून पाहाले सांगा ना तिले."

"शेठजी, चष्मा काढला तर ती खडेपण पास करेल. मग गिऱ्हाईक तुटलेला दात घेऊन तुमच्याच दुकानात येईल."

शेठ हसायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. मला ते काम फार आवडायचं. तांदळाचा दाणा हसत नाही, रुसत नाही आणि निकालावर भांडायला येत नाही. बैलांच्या निकालावर मात्र माणसं भांडतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात माझा जुना विद्यार्थी प्रशांत घरी आला. आता त्याचं तुमसर तालुक्यात शेती औजारांचं दुकान आहे, आणि आंबागडच्या अलीकडच्या एका गावात भरणाऱ्या शंकरपटाच्या कमिटीचा तो अध्यक्ष. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे मला अजून जेवायला जायचं असतं. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. दोन पट्ट्या शेजारी शेजारी, दोन जोड्या एकदम सुटतात, आणि ज्या जोडीचं कपाळ आधी रेषेपार जाईल ती जिंकली. मधली काही वर्षं बंदी होती. ती उठली ती अटी घेऊनच. काठी नाही, टोचायची तुतारी नाही, आणि अख्ख्या पटाचं चित्रीकरण करायचं.

"मॅडम, तुम्ही म्हणायच्या ना, धुरातली गाय पण ओळखता येते?" प्रशांतने चहाचा कप खाली ठेवला. "आता धुळीतला बैल ओळखून द्या. नाहीतर पट गेला, अन् एक घरपण गेलं."

पट कसा जाणार ते पाच मिनिटांत कळलं. आदल्या वर्षी शेवटच्या फेरीत दोन नामांकित जोड्या होत्या, एक गावातल्याच टीकारामजींची, एक साकोलीकडच्या नानाजींची. सुटल्या त्या वाऱ्यासारख्या, आणि रेषेवर पोचेपर्यंत धुळीचा असा लोट उठला की पंचांना आपलाच झेंडा दिसेना. पंचांनी नानाजींचं नाव पुकारलं. टीकारामजी म्हणाले, माझा बैल पुढे होता. शब्दाने शब्द वाढला, मंडपातल्या खुर्च्या उडाल्या. आता दोघंही म्हणत होते, आधी मागचा निकाल लावा, मगच जोडी जुंपतो. आणि त्या दोन जोड्या नसतील तर पट बघायला येणार कोण?

"आणि घर कोणाचं जातंय?"

प्रशांतने रिकामा कप बशीत उगाच फिरवला. मग म्हणाला, "मॅडम, ते दोघं इवाई आहेत ना."

व्याही! नानाजींची मुलगी रंजना टीकारामजींच्या घरात दिली होती. खुर्च्या उडाल्या त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. रंजना वर्षभर माहेरी गेली नव्हती. दिवाळी नाही, राखी नाही. आणि आता ती पोटुशी होती, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण न्यायला येणार कोण? नानाजी म्हणत होते, त्यांनी बोलावल्याशिवाय मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. टीकारामजी म्हणत होते, त्यांनी आल्याशिवाय मी कसा पाठवू? आणि ती बिचारी दोघांच्या मधे बसून दिवस मोजत होती.

मला असा संताप आला म्हणून सांगू! दोन म्हातारे बैलांपायी पोरीचा जीव टांगून बसले होते. पण संतापाने काही होत नाही, म्हणून मी पदर खोचला आणि कामाला लागले.

चित्रीकरण पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नुसती लाल माती. मधेच एक कान, मधेच एक खूर, कुठे वशिंडाची कड. पण माझा धंदा तोच. आता हवे होते बैलांचे स्वच्छ फोटो, बाजूने काढलेले. प्रशांतने गावागावांच्या ग्रुपवर निरोप टाकला आणि दोन दिवसांत माझा फोन बैलांनी भरून गेला. काय एकेक रुबाब! अंगावर झुली, गळ्यात घुंगरं, शिंगांना रंग आणि टोकाला गोंडे. सगळे पोळ्याचे फोटो. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच आलं नाही. आपल्याकडे बैलाचा फोटो काढतात कधी? तर पोळ्याला, तोरणाखाली उभा करून. एरवी नांगराच्या बैलाचा फोटो कोण कशाला काढेल?

मी चष्मा लावून एकेका बैलावर खुणा मांडत बसले. हल्ली हे कोणी करत नाही. आता लाखो फोटो यंत्राच्या घशात ओततात आणि ते आपलं आपण शिकतं. कड कुठे वळते, कुठे थांबते, हे हाताने शोधत बसण्यातली मजा माझ्या विद्यार्थ्यांना कधी कळलीच नाही, याची मला खंत आहे. असो. माझा सरासरी बैल तयार झाला आणि चांगला देखणा निघाला.

ठरलं असं की पटाच्या दिवशी सकाळी, मंडपात, सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर निकाल दाखवायचा. लपूनछपून काही नको. मी भंडाऱ्याहून निघाले तेव्हा प्रशांतचा फोन आला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, फक्त गाडी वळवून ठेवा, तोंड रस्त्याकडे करून." असा धीर देणारा विद्यार्थी सगळ्यांना मिळो.

मंडप खच्चून भरलेला. एका कडेला टीकारामजी, उंच, सुकलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा. दुसऱ्या कडेला नानाजी, गोल चेहऱ्याचे. साकोलीकडून पहाटेच जोडी गाडीत घालून आलेले. दोघांची तोंडं दोन दिशांना. मी लॅपटॉप लावला, धुळीतलं ते चित्र पडद्यावर थांबवलं आणि कळ दाबली.

हिरवी रेघ हळूहळू धुळीत उतरली. आधी नानाजींच्या बैलावर बसली. वशिंड, मान, कपाळ. लोक पुढे सरकले. मग अलीकडच्या पट्टीत टीकारामजींचा बैल उमटला. पाठ आली, मान आली, तोंड आलं, आणि डोक्यावर दोन सुरेख, बाकदार शिंगं आली. रेषेपाशी नानाजींचं कपाळ पुढे, टीकारामजींचं वीतभर मागे.

मी म्हणणार होते, "हा निकाल." पण मंडपात असा हशा उसळला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे डुंड्याले शिंग आलं बे!"

मला काही कळेना. टीकारामजी ताडकन उठले. "मॅडमजी! माझा बैल डुंडा आहे! डावं शिंग बुडापासून मोडलं त्याचं, गोऱ्हा होता तवापासून. साऱ्या झाडीपट्टीले ठाऊक आहे. अन् तुमची मशीन त्याले शिंग लावते? हे काय सोंग लावून राहिले जी तुमी?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या सरासरी बैलाला दोन शिंगं होती, आणि त्याला पक्की खात्री होती की बैल म्हटला की दोन शिंगं असणारच. धुळीत एक सापडलं. दुसरं सापडेना, म्हणून त्याने जोडीतल्या पलीकडच्या बैलाचं शिंग धरलं आणि डुंड्याच्या डोक्यावर लावलं. ते शिंग मागे, म्हणून अख्खं डोकंच मागे ओढलं गेलं. निकाल चुकीचा होता. मी तोंड उघडणार तोच दुसऱ्या कडेने आवाज आला.

"बंद करा ते."

नानाजी उभे होते. "मॅडमजी, हे मले जितवून राहिली न मशीन? पन हे खोटं आहे. डुंड्या माझ्या गोठ्यात जलमला. माझ्याच गोठ्याच्या दारात त्याचं शिंग मोडलं. पोरीच्या लग्नात आंदन म्हनून मी देल्ला त्याले. त्याले शिंग लावून मले जिताचं नाई."

टीकारामजींनी वर्षात पहिल्यांदा व्याह्याकडे तोंड वळवलं. पण माझी एक शंका उरलीच होती. टीकारामजींच्या घरून आलेला फोटो मी स्वतः वापरला होता, 'डुंड्या' असं नाव लिहून आलेला. शिंग नव्हतं तर माझ्या नजरेतून सुटलं कसं? मी तो फोटो शोधून पडद्यावर लावला. पोळ्याच्या तोरणाखाली डुंड्या उभा. झूल, घुंगरं आणि डोक्यावर दोन झळझळीत शिंगं, दोन्हींना सोनेरी बेगड!

"टीकारामजी," मी म्हटलं, "हा घ्या तुमचा डुंडा. आता बोला."

टीकारामजींनी फोटो पाहिला, जमिनीकडे पाहिलं, दुपट्ट्याने तोंड पुसलं. आवाज पार खाली आला. "ते... सूनबाईनं बांधलं होतं. पुठ्ठ्याचं आहे. म्हने, पोळ्याच्या दिवशी सारे बैल नटून जाते, आपलाच काहून लंगडा दिसावा."

हसायला आलेले लोक हसायचे थांबले. मी नानाजींकडे पाहिलं. तो गोल चेहरा वेडावाकडा झाला होता, आणि डोळ्यांतून सरळ पाणी गळत होतं, लपवायची काही खटपट नाही.

"लहानपनापासून करते ते," नानाजी म्हणाले. "शिंग मोडलं तवा दोन दिवस जेवली नाई. मंग पोळा आला, त वहीचे पुठ्ठे फाडले पोट्टीनं. मास्तरचा मार खाल्ला. दर पोळ्याले बांधे. तिकडं गेली तरी..."

टीकारामजी खुर्च्या ओलांडत आले आणि समोर उभे राहिले. मला वाटलं, आता काही मोठं बोलतील. पण ते म्हणाले, "चा घेतला का, इवाई?"

"नाई."

"मंग चाला घरी."

नानाजींनी उपरण्याने नाक शिंकरलं. "कशी आहे ती?"

"बरी आहे. सातवा सरला. आंबट मागते अन् रडते." टीकारामजींनी दुपट्टा सारखा केला. "घ्याले येऊन राहिले काय, नाई?"

"तुमी म्हना, आत्ता नेतो."

"आत्ता काहून? जेवून जा. अन् हे पाहा, बैलाच्या गाडीत नका नेऊ, रस्ता खराब आहे, धक्के बसते. जीप पाहू."

एवढं बोलून दोघं मंडपाबाहेर पडले. त्यांच्या मागे गाव निघालं. बायका आधीच पुढे पळाल्या होत्या रंजनाला सांगायला. आमचे प्रशांत अध्यक्ष माईकवर ओरडत होते, "अहो पट! पटाची वेळ झाली! जोड्या जुंपा!" कोणी ढुंकून बघेल तर शप्पथ.

मी मात्र खुर्चीला चिकटून बसले होते. अहो, धंदा आहे माझा! चुकीचं उत्तर पडद्यावर टाकून मी उठून जाऊ? शिंगांच्या खुणा मी हिशेबातून काढून टाकल्या. आता सरासरी बैलाला सांगितलं, बाबा रे, शिंगं असतील किंवा नसतील, तू कपाळ, मान आणि वशिंडावर लक्ष ठेव. दुसऱ्यांदा कळ दाबली. माझा लॅपटॉप माझ्याच वयाचा, त्याने सावकाश वेळ घेतला. मग हिरवी रेघ पुन्हा धुळीत उतरली आणि या वेळी डुंड्याच्या डोक्यावर एकच शिंग आलं, ते खरं. दोन्ही कपाळं रेषेपाशी स्वच्छ दिसली. कोण पुढे ते कुणालाही सांगता आलं असतं, इतकं स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी उठून टाळ्याच वाजवल्या.

"निकाल आला!" मी ओरडले.

मंडपात एक कुत्रं होतं. तेही निघून गेलं.

मग लॅपटॉप उघडाच हातात धरून मी टीकारामजींच्या घरी गेले. अंगणात ही गर्दी. ओसरीवर दोन व्याही एकाच बाजेवर बसून पोहे खात होते आणि डुंड्याच्या खुराकावरून वाद घालत होते. आत खोलीत रंजना बसली होती, गुटगुटीत, रडून रडून नाक लाल झालेलं. आणि हसत होती. समोर पिशवी भरलेली. मला पाहिलं तशी उठायला लागली. मी तिला बसवलं.

"मॅडम, तुमीच का फोटोवाल्या? डुंड्याले शिंग लावलं म्हनते तुमी."

"मी कसली लावते, तू लावलंस. माझं बत्तीस वर्षांचं गणित तुझ्या पुठ्ठ्याने पाडलं."

ती तोंडाला पदर लावून खुदखुदली. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या पडद्याकडे गेलं, आणि हसू थांबलं. बाहेर ओसरीवरून दोघा म्हाताऱ्यांचं खिदळणं ऐकू येत होतं.

"खरा निकाल आला काय जी?"

"आला. अगदी पक्का. सांगू का बाहेर जाऊन?"

रंजनाने माझा हात घट्ट धरला. "नका सांगू मॅडम. माझं बाळंतपन होऊ द्या."

मी झाकण लावलं. आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ उत्तर, आणि तेच पोटात ठेवावं लागलं! भंडाऱ्यापर्यंत गाडीत मी एकटीच हसत आले.

साकोलीकडे, माहेरी, तिला मुलगी झाली. पेढे घेऊन दोन्ही आजोबा एकाच मोटरसायकलवर माझ्याकडे आले. मागे बसलेले टीकारामजी उतरताना म्हणाले, इवाई गाडी चांगली चालवते, पन हान्याची सवय बैलाचीच. दोघं गेल्यावर मी रंजनाला फोन लावला. म्हटलं, आता सांगू? ती म्हणाली, बारसं होऊ द्या. बारशाला मी स्वतः गेले, पोटभर जेवले, आणि निघताना दारात तिला बाजूला घेतलं.

"रंजना, आता तरी? अगं, माझं वय झालं. मी गेले तर निकाल माझ्याबरोबर जाईल."

तिने पोरीला माझ्या हातातून घेऊन खांद्यावर टाकलं, अंगणात बसलेल्या दोन्ही म्हाताऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली,

"मॅडम, तब्येत सांभाळा. हिचं लगन झालं का सांगजा."